उद्याचा माणूस आणि पायऱ्यांचं चित्र

(पुण्यातल्या एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय, संयोजक आणि मंडळी,

विषय जाहीर झाल्यापासून मला दोन तऱ्हेचे फोन आले. काहींनी विचारलं, "बाई, तुम्ही आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलंत, आता अध्यात्मावर बोलणार?" आणि काहींनी विचारलं, "अध्यात्मावर बोलताय ना, मग त्यात माकडं कशाला?" दोन्ही मंडळी आज आली आहेत आणि शेजारीशेजारी बसली आहेत. माझं निम्मं काम झालं. आता त्यांनी दीड तास भांडू नये एवढंच पाहायचं.

पत्रिकेवर विषय छापला आहे तो 'उत्क्रांती, जाणीव आणि उद्याचा माणूस'. उद्याच्या माणसापर्यंत मी येणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी. खरं म्हणजे आजचं निमंत्रण मी तिच्यासाठीच स्वीकारलं.

आपल्या शहरात चेतनाविकासाची शिबिरं पुष्कळ होतात. एका मैत्रिणीबरोबर मी अशाच एका शिबिराला गेले होते. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. वक्ते गोड बोलणारे, अभ्यासू वाटणारे. पडद्यावर एक चित्र आलं. तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलेलं आहे, टी-शर्टवर, रिक्षाच्या मागे, शाळेच्या भिंतीवर. डावीकडे वाकलेलं माकड, मग थोडं कमी वाकलेलं, मग हातात दगड घेतलेलं, आणि सगळ्यात उजवीकडे ताठ चालणारा माणूस. इथं त्या माणसाच्याही पुढे आणखी एक आकृती जोडली होती. पद्मासन घातलेली, डोक्याभोवती वलय. वक्ते म्हणाले, निसर्गानं आपल्याला इथवर आणलं, पुढची पायरी आपण साधनेनं चढायची. मग चेतनेच्या पायऱ्या सांगितल्या. कोण कुठल्या पायरीवर असतो तेही सांगितलं. सभागृह माना डोलवत होतं.

मागच्या रांगेत एक बाई होत्या. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी, विशीतली, डाउन सिंड्रोम असलेली. प्रश्नोत्तरांच्या वेळी बाई उभ्या राहिल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "माझी मुलगी कुठल्या पायरीवर आहे?"

वक्त्यांनी प्रेमानं उत्तर दिलं. म्हणाले, काही जीव सावकाश चढतात, या जन्मी नाही तर पुढच्या जन्मी. बाई "बरं" म्हणून खाली बसल्या.

मंडळी, माझा संताप झाला आणि तो आजही उतरलेला नाही. त्याच दिवशी सकाळी सामुदायिक ध्यान झालं होतं. सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं होतं. माझ्या पुढच्या रांगेत कुणीतरी मुसमुसत होतं. कदाचित घरात काही घडलं असेल, कुणाला माहीत. सगळे डोळे मिटून शांत बसलेले. ही एकच मुलगी जागेवरून उठली, रांगा ओलांडून पुढे आली आणि त्या रडणाऱ्या बाईंच्या हातात स्वतःचा रुमाल ठेवून परत गेली. मी हे पाहिलं. आणि दुपारी तिलाच खालच्या पायरीवर बसवलं गेलं, तिच्या आईच्या देखत.

मला त्या वक्त्यांबद्दल राग नाही. ते मनापासून बोलत होते. माझं भांडण त्या चित्राशी आहे. म्हणून आधी चित्राचीच कुंडली मांडू.

ते चित्र १९६५ सालचं. रुडॉल्फ झालिंगर नावाच्या अमेरिकन चित्रकारानं ते एका लोकप्रिय विज्ञानमालेसाठी काढलं. मूळ चित्रात पंधरा आकृत्या आहेत. पण पान घडीचं होतं, आणि घडी मिटलेली असली की त्यातल्या सहाच दिसायच्या. त्या सहा जगभर पसरल्या. शेजारच्या मजकुरात लिहिलं होतं की यातले काही थेट आपले पूर्वज नाहीत, त्या फांद्या पुढे संपल्या. मजकूर कुणी वाचला नाही. चित्र मात्र डोक्यात कायमचं बसलं, शिकलेल्यांच्याही. परीक्षेत "माणूस माकडापासून झाला" असं लिहिणाऱ्या मुलांचे पेपर मी वर्षानुवर्षं तपासले आहेत. त्या मुलांचा दोष नाही, चित्रच तसं सांगतं. चिंपँझी आणि आपण, दोघांचे समाईक पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होते. चिंपँझी मागे राहिला नाही. तोही तेवढीच वर्षं चालत आपल्या जंगलापर्यंत आलेला आहे.

उत्क्रांतीला उपमा द्यायचीच तर मी वडाची देईन. फांद्या चारी दिशांना जातात, काही वाळतात, आणि पारंब्या खाली उतरून पुन्हा जमिनीत रुजतात. पारंब्यांचं मी मुद्दाम सांगते. निअँडरथल माणूस सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. तो वेगळाच, रानटी, मागासलेला, असं आपण समजत होतो. २०१० मध्ये स्वांते पेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या जनुकांचा आराखडा वाचला आणि असं दिसलं की आफ्रिकेबाहेरच्या माणसांमध्ये एक ते दोन टक्के डीएनए त्याचा आहे. म्हणजे या सभागृहात तो बसलेला आहे. सदाशिव पेठेतही आहे. (हशा) पेबो यांना या कामासाठी २०२२ चं नोबेल मिळालं. तिबेटी लोकांना उंचावरच्या विरळ हवेत जगता येतं, त्याला मदत करणारं एक जनुक डेनिसोव्हन नावाच्या दुसऱ्या नामशेष मानवाकडून आलं आहे. ज्याला आपण खालची पायरी म्हणालो, त्याच्या देणगीवर कुणीतरी आज श्वास घेत आहे.

मेंदूचंही तसंच. आपला मेंदू साधारण तेराशे-साडेतेराशे घन सेंटिमीटरचा. निअँडरथलचा आपल्याइतकाच, पुष्कळदा थोडा मोठाच. आणि दक्षिण आफ्रिकेत २०१३ मध्ये 'होमो नालेडी' हा नामशेष मानव सापडला, त्याचा मेंदू आपल्या निम्म्याहूनही लहान. तो किती जुना असेल? सुमारे तीन लाख वर्षं. मोरोक्कोत जेबेल इरहूदला आपल्या प्रजातीचे जे सर्वात जुने अवशेष सापडले, तेही साधारण तेवढेच जुने. दोघे एकाच काळात पृथ्वीवर चालत होते. मेक्सिकोच्या गुहांमध्ये मासे आहेत, अंधारात राहून त्यांचे डोळे गेले. नदीत राहणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांना डोळे आहेत. गुहेतला मासा खालच्या पायरीवर घसरला का? नाही. तिथं डोळ्यांचा उपयोग नव्हता आणि ते सांभाळायला खर्च येत होता. नैसर्गिक निवडीला वर-खाली कळत नाही. तिला इथं आणि आत्ता काय टिकतं एवढंच कळतं.

यात आपला भाग कुठे, असं कुणीतरी विचारणारच, तर थोडं विषयांतर करते. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या काठी बोरी नावाचं गाव आहे. तिथं ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सान्निध्यात दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथं पुष्कळ काम केलं. त्या राखेच्या वयावर विद्वानांत मोठा वाद झाला. एक मत चौदा लाख वर्षं म्हणतं, दुसरं पावणेसात लाखांच्या आसपास, तिसरं म्हणतं की ही सुमात्रातल्या टोबाच्या स्फोटाची राख, म्हणजे सुमारे चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वीची. नर्मदेच्या काठी हथनोरा इथं १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना कवटीचा वरचा भाग सापडला. तो कुठल्या मानवजातीचा, यावर अजून एकमत नाही. ज्यांना पायऱ्या हव्या असतात त्यांना असले वाद गैरसोयीचे वाटतात. मला ते फार आवडतात. रविवारी लोणावळ्याला जाण्याऐवजी एकदा कुकडीच्या काठी जाऊन या. भजी तिकडेही मिळतात. (हशा)

आता गंभीर होते. तुम्ही म्हणाल, चित्र चुकलं तर चुकलं, एवढं काय त्यात? मंडळी, पायऱ्या मांडल्या की कुणीतरी खालच्या पायरीवर लागतंच. त्याशिवाय वरची पायरी वर ठरत नाही. याचा पुरावा एका पुणेकर बाईंनी स्वतःच्या हातांनी मोजला आहे.

इरावती कर्वे आपल्याला लेखिका म्हणून माहीत आहेत, समाजशास्त्रज्ञ म्हणून माहीत आहेत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला डॉक्टरेट करायला गेल्या. इतक्या लांब शिकायला जाणं सासऱ्यांना, साक्षात धोंडो केशव कर्व्यांना, पसंत नव्हतं. दिनकररावांनी, त्यांच्या यजमानांनी, पाठिंबा दिला. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, १९२७ मध्ये तिथं स्थापन झालेल्या मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांच्या संस्थेचे प्रमुख. सुप्रजनन म्हणजे कुणाला मुलं व्हावीत आणि कुणाला नाही हे ठरवून माणसाचा वंश 'सुधारण्याची' कल्पना. फिशर यांची धारणा अशी, की माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, आणि ही असमानता गोऱ्या युरोपीयांत जास्त असते, म्हणून त्यांची तर्कबुद्धी श्रेष्ठ. हे मोजून दाखवण्याचं काम त्यांनी या तरुण हिंदुस्थानी मुलीला दिलं.

तुम्ही त्या खोलीची कल्पना करा. जगातल्या नाना ठिकाणांहून आणलेल्या कवट्या. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतल्या कवट्याही अशा संस्थांत येत, आणि त्या वसाहतीत १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा लोकांची कत्तल झालेली. हातात मोजपट्टी घेऊन एक मराठी मुलगी बसली आहे. मार्गदर्शक जगप्रसिद्ध आहेत, पदवी त्यांच्या हातात आहे, आणि अपेक्षित उत्तर आधीच ठरलेलं आहे. इरावतीबाईंनी मोजलं. कवट्या असमान होत्या, सगळ्याच होत्या. पण वंशाप्रमाणे तो भेद काही सापडला नाही. आणि त्यांनी तेच लिहिलं. मार्गदर्शकांच्या सिद्धान्ताविरुद्ध, त्यांच्याच संस्थेत बसून.

पुढे त्याच फिशरना १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचं कुलगुरुपद मिळालं. त्याच वर्षी जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला. जन्मजात मतिमंदत्व, मनोविकार, अपस्मार, वंशागत अंधत्व आणि बहिरेपण असलेल्यांसाठी. सुमारे चार लाख माणसांवर तो कायदा चालवला गेला. मग १९३९ पासून अपंगांना आणि मनोरुग्णांना मारूनच टाकायला सुरुवात झाली. "उद्याचा माणूस" घडवण्याच्या नावाखाली. त्या शिबिरातल्या मुलीसारख्या मुली तिथं होत्या. वक्त्यांच्या मनात यातलं काहीही नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. पण चित्र तेच होतं.

तर, अध्यात्म. आपल्याकडे "पुढचा माणूस" ही कल्पना तीन-चार वाटांनी आली. एक थिऑसॉफी या गूढवादी पंथाची. त्याच्या संस्थापकांपैकी एक, मादाम ब्लाव्हाट्स्की, १८७९ मध्ये मुंबईला उतरल्या. त्यांच्या मांडणीत मानवजातीचे सात मूळवंश आहेत, आपण पाचव्यात, सहावा यायचा आहे. वंश आले, क्रमांक आले, म्हणजे पायऱ्या आल्याच. पुढे त्यांच्या अनुयायांनी मद्रासजवळ अड्यारच्या किनाऱ्यावर एक मुलगा निवडला आणि त्याला जगद्गुरू म्हणून वाढवलं. १९११ मध्ये त्याच्यासाठी संघटना काढली. त्या मुलानं, जे. कृष्णमूर्तींनी, ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधल्या ओमेन इथं हजारो अनुयायांसमोर ती संघटना स्वतः विसर्जित केली. मालमत्ता परत केली. ज्याला सगळ्यात वरच्या पायरीवर बसवलं होतं तोच उठून गेला. विसाव्या शतकातल्या आध्यात्मिक घटनांमध्ये मला ही फार मोठी वाटते. तिच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं, संयोजकांनी टिपून ठेवावं.

दुसरी वाट श्रीअरविंदांची, आणि तिच्याबद्दल मला नितांत आदर आहे. शिवाय ती आपल्या घरावरून जाते. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली. तिथून अरविंदबाबू बडोद्याला गेले. तिथं त्यांना विष्णु भास्कर लेले नावाचे मराठी योगी भेटले. तीन दिवस दोघे एका खोलीत बसले. लेल्यांनी सांगितलं, विचार आपल्या आत तयार होत नाहीत, बाहेरून येतात. येताना दिसले की आत शिरू देऊ नका. अरविंदबाबूंचं मन तीन दिवसांत निःशब्द झालं, असं त्यांनी स्वतः नोंदवलं आहे. जानेवारी १९०८ मध्ये ते पुण्यात भाषण करून गेले, मग मुंबई, नाशिक. मन शांत झालेलं, आता भाषण कसं करायचं? तर लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, बोलणं येईल. मी आज सकाळी तोच प्रयोग करून पाहावा म्हणत होते, पण संयोजकांनी वेळेची अट घातली. (हशा)

पुढे पाँडिचेरीत १९१४ पासून 'आर्य' मासिकात त्यांनी आपलं तत्त्वज्ञान लिहून काढलं. जडातून प्राण आला, प्राणातून मन आलं, तर उत्क्रांती मनाशीच थांबेल असं का मानायचं? मनाच्या पुढे अतिमानस आहे आणि माणूस हा मधला प्राणी आहे. यात दोन गोष्टी मला थोर वाटतात. एक, त्यांनी मोक्ष घेऊन निघून जाणं नाकारलं. जे व्हायचं ते पृथ्वीवर, देहात, सगळ्यांसाठी व्हावं असा आग्रह धरला. दुसरी, माणूस हा शेवटचा शब्द नाही हे सांगण्याची नम्रता. जीवशास्त्रही तेच सांगतं. माझा मतभेद एकाच ठिकाणी आहे. जड, प्राण, मन, अतिमानस ही चढण त्यांनी निसर्गाच्या स्वभावातच पाहिली. निसर्गात मला तशी चढण दिसत नाही. आणि चढण मानली की अरविंदांची उंची नसलेले अनुयायी तिच्यावर माणसं बसवायला लागतात.

तिसरी वाट तेयार द शार्दँ या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूंची. ते जीवाश्मतज्ज्ञ होते, चीनमध्ये झोउकोउदियनला पेकिंग मानवाच्या उत्खननात होते. १९३५ मध्ये आपल्या नर्मदेच्या खोऱ्यातही येऊन गेले. सगळी सृष्टी जाणिवेच्या एका अंतिम बिंदूकडे चालली आहे असं त्यांचं दर्शन. चर्चनं ते छापू दिलं नाही. १९५५ मध्ये ते वारले, मग पुस्तकं आली. वाचताना अंगावर काटा येतो इतकं सुंदर लिहिलं आहे. पण त्यांच्याही लिखाणात सुप्रजननाला अनुकूल मजकूर सापडतो. त्यांचे मित्र, ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांनी १९५७ मध्ये "माणसानं स्वतःच्या पलीकडे जावं" अशी हाक दिली, आणि दोनच वर्षांनी तेही ब्रिटनच्या सुप्रजनन संस्थेचे अध्यक्ष झाले. चांगली माणसं होती ही. पायऱ्यांनी त्यांनाही सोडलं नाही.

चौथी वाट आपल्याच कोरेगाव पार्कातून, ओशोंच्या आश्रमातून जाते, तिच्यावर इथं बसलेल्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. पुढे जाते.

मग जाणिवेची वाढ खरोखर झालीच नाही का? झाली. माझा आजचा मुद्दाच तो आहे. ती कुठे दिसते? कवटीच्या आकारमानात ती दिसत नाही. जखम झाल्यावर, दात पडल्यावर, आजार जडल्यावर माणूस किती दिवस जगला, हे हाडं सांगतात. तिथं ती दिसते.

तुमच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतो. मार्गारेट मीड या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना कुणी विचारलं, संस्कृतीची पहिली खूण कोणती, तर त्या म्हणाल्या, जुळून आलेलं मांडीचं हाड. त्या असं म्हणाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. कृपया पुढे पाठवू नका. खरे पुरावे त्याहून भारी आहेत. इराकच्या शानिदार गुहेत १९५७ मध्ये राल्फ सोलेकी यांना एक निअँडरथल सांगाडा मिळाला. उजवा हात वाळलेला, अर्धा नाहीसा झालेला. एका डोळ्यानं बहुधा दिसत नव्हतं, कानांच्या नळ्यांत हाड वाढून ऐकूही कमी येत असणार. या सगळ्या इजा मरणाच्या फार आधी भरून आलेल्या. तो चाळिशीपर्यंत जगला, त्या काळाच्या मानानं म्हातारा होऊन. जॉर्जियात द्मानिसीला साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची कवटी आहे. एक सोडून सगळे दात गेलेले आणि दातांच्या खोबणी भरून आलेल्या, म्हणजे दात गेल्यावर तो काही वर्षं जगला. त्याला कुणी मऊ अन्न दिलं असेल का? काही तज्ज्ञ हो म्हणतात. काही म्हणतात, दात नसलेले चिंपँझीही जगतात. दोन्ही बाजू ऐकून घ्या. पण त्याचा मेंदू आपल्या निम्म्याच्या आसपास होता, एवढं लक्षात ठेवा.

आणि आता आपला, पुण्याचा पुरावा. राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल इथं डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. तिथं सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा एका पुरुषाचा सांगाडा मिळाला, वय पस्तीस-चाळीसच्या घरात. त्याच्या अभ्यासात अमेरिकन संशोधकांबरोबर डेक्कन कॉलेजची मंडळी होती, निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. नाकाच्या कडा झिजलेल्या, वरच्या जबड्याचं हाड विरघळलेलं. कुष्ठरोग. सांगाड्यावर दिसणारा, तेव्हा माहीत असलेल्यांत सर्वात जुना. आणि त्याला पुरलं होतं ते दगडी भिंतींच्या आवारात, शेणाच्या गोवऱ्यांच्या राखेत.

कुष्ठरोगाचे जंतू अतिशय सावकाश वाढतात. चेहऱ्याच्या हाडांपर्यंत असा बदल पोहोचायला वर्षं लागतात. त्या वर्षांत तो माणूस कुठेतरी जेवत होता. राखेत का पुरलं? शुद्धीसाठी असेल, मानानं असेल, भीतीनंही असेल. मला भीतीची शक्यता झाकायची नाही. माणसात दोन्ही होतं आणि आहे. पण कुणीतरी त्याला उघड्यावर टाकून गेलं नाही.

आता तिथून चार हजार वर्षं पुढे या. १८७३ मध्ये नॉर्वेत हानसेन यांनी जंतू शोधला, रोग पापाचं फळ नाही हे कळलं. तरी १८९८ मध्ये ब्रिटिश सरकारनं इथं कायदा केला, भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णाला पकडून डांबता येईल असा. १९८० च्या दशकात संयुक्त औषधोपचार आले, रोग पूर्ण बरा व्हायला लागला. आणि तो कायदा केंद्रानं केव्हा रद्द केला? २०१६ मध्ये. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची तरतूद २०१९ पर्यंत होती. मंडळी, जाणिवेची उत्क्रांती म्हणतात ती मला इथं दिसते. कायद्यातून एक कलम गळलं तिथं. तिची गती अशी आहे, आणि ती उलटही फिरते, बर्लिनमध्ये फिरली.

… चिठ्ठी आली आहे. "दहा मिनिटं." म्हणजे उद्याच्या माणसाला दहा मिनिटं! (हशा) बरं, भरभर सांगते.

पहिलं, शरीराची उत्क्रांती थांबलेली नाही. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता काही समाजांत गेल्या दहा हजार वर्षांतच पसरली. पण ती फार सावकाश चालते आणि तिच्याकडे आपल्यासाठी कुठलीही योजना नाही. तिच्या भरवशावर अतिमानवाची वाट पाहू नये.

दुसरं, आता जनुकं कापता-जोडता येतात. २०१८ मध्ये एका चिनी शास्त्रज्ञानं गर्भात फेरफार करून मुली जन्माला घातल्या, त्याला तुरुंगवास झाला. २०२३ मध्ये सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर जनुक-संपादनाचा उपचार ब्रिटननं मंजूर केला, मग अमेरिकेनं. अमेरिकेत त्याची किंमत माणशी सुमारे बावीस लाख डॉलर. आणि सिकल सेल आपल्याकडे कुणाला आहे? नंदुरबारच्या, गडचिरोलीच्या आदिवासींना. हे तंत्र तिथल्या मुलीपर्यंत पोहोचवायला वापरायचं की श्रीमंतांच्या घरी उंच, गोरी, हुशार मुलं मागवायला? यात मला कुठलाही आध्यात्मिक गोंधळ दिसत नाही. पहिला रस्ता बालाथलच्या आणि शानिदारच्या बाजूचा आहे. दुसरा फिशरचा.

तिसरं, जाणीव म्हणजे काय हे विज्ञानाला अजून कळलेलं नाही, आणि तसं म्हणण्यात कमीपणा नाही. १९९८ मध्ये मेंदूतज्ज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली, पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली स्पष्ट खूण सापडेल. २०२३ मध्ये ते पैज हरले आणि भर सभेत वाइनची पेटी चाल्मर्स यांच्या हवाली केली. आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, त्यातून "मी" कसा उमटतो हा प्रश्न उघडा आहे. म्हणून कुणी तुमच्या चेतनेची पातळी मोजून देतो म्हणाला, तर पैसे देऊ नका.

पण एका बाजूनं काम पुढे गेलं आहे. एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अनेक शास्त्रज्ञांनी आणि तत्त्वज्ञांनी मिळून जाहीर केलं, की सगळ्या पृष्ठवंशीय प्राण्यांत आणि ऑक्टोपस, खेकडे, कीटक अशा अनेक अपृष्ठवंशीयांतही अनुभवाची जाणीव असण्याची खरीखुरी शक्यता आहे, आणि त्यांच्याशी वागताना ती दुर्लक्षित करणं बेजबाबदारपणाचं ठरेल. मी मुलांना वर्षानुवर्षं झुरळं कापायला शिकवलं, त्यामुळे हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. पुढे विद्यापीठांतून प्राण्यांची चिरफाड बंद झाली, ते योग्य झालं.

आणि शेवटचं, आळंदीकडे पाहून. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ज्या मुलांना "संन्याशाची पोरं" म्हणून समाजानं सगळ्यात खाली ढकललं, त्यातला एक मुलगा शेवटी देवाकडे मागतो, "भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें." आणि पुढे, "जो जे वांछील तो ते लाहो, प्राणिजात." त्यात कुणी वर चढून जावं असं मागणं नाही. मागणं आहे ते एकमेकांशी असलेल्या नात्याचं, आणि त्याची यादी माणसाशी संपत नाही. उद्याच्या माणसाबद्दल मला म्हणायचं आहे ते एवढंच. तो नव्या मेंदूनं येणार नाही. आजच्याच मेंदूनं, आजच्याच माणसांनी, कुणाचं दुःख आपलं धरायचं याची हद्द वाढवली, तर त्याच हद्दीत तो असेल. अरविंदांना मी विरोध करत नाही. अतिमानस उतरलं तर आनंदच आहे. ते उतरेपर्यंत काय करायचं, हे मात्र त्या मुलीला शिबिरात कुणी न शिकवता माहीत होतं.

अध्यक्षमहोदय पुन्हा घड्याळ दाखवत आहेत. डाव्या बाजूला दोन हात वर आहेत, उजवीकडे एक आजोबा मघापासून उभेच आहेत. आधी आजोबांना माइक द्या.